वजारावांच्या साठ पिशव्या

आमचे भावजी पाच मिनिटं एका जागी बसले, तर समजावं की खुर्चीला कुणीतरी डिंक लावलाय. चहाचा कप घेतील, एक घोट गच्चीकडे जाताना, दुसरा परत येताना, आणि उरलेला चहा मला संध्याकाळी जिन्याच्या कठड्यावर सापडतो. पायाला भिंगरी असलेली माणसं मी पाहिली आहेत, पण यांच्या डोक्यालाही भिंगरी आहे.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. ताईच्या घरात पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे आणि त्या मशीनमागून मी या दोघांचा संसार बघत आले आहे. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही.

भावजी तेहतीस वर्षं भाताच्या गिरणीत वजनकाट्यावर होते. भाताची गाडी काट्यावर चढली की हे केबिनमधून उतरायचे, पोत्यात हात घालून चार दाणे काढायचे, एक दाताखाली फोडायचे आणि तिथल्या तिथे सांगायचे, "ओल एवढी. वजा." भात ओला असला तर त्यातल्या पाण्याचं वजन गिरणी धरत नाही, तेवढं कमी करून मग लिहायचं, असा तिथला नियम. त्यांच्या लेखी काट्यावर दिसतो तो आकडा खरा नव्हताच. वजा करून उरतो तो खरा. गिरणीतच काय, गावातही सगळे त्यांना वजाराव म्हणायचे, तेही तोंडावर. यांना त्याचा राग तर नाहीच, उलट कौतुक!

ताईची आणि त्यांची पहिली भेटसुद्धा काट्यावरचीच. ते नोकरीला नवे होते. आमचे बाबा भात घेऊन आले होते आणि ताई वर पोत्यांवर बसली होती. हिला खाली उतरवून भावजींनी दाणा चावला आणि चांगली घसघशीत ओल वजा केली. बाबा भडकले. "ओल काय वाऱ्याने उडत आली? माझ्या गाडीने ओढून आणलीय ती!" भावजी म्हणाले, "नियम आहे." चार महिन्यांनी हेच गृहस्थ ताईला मागणी घालायला आमच्या दारात! बाबा आईला म्हणाले, "याला मुलगी दिली आणि ती रडली, तर हा तेवढी ओल तिच्यातून वजा करेल." आम्ही सगळे हसलो. बाबा जाईपर्यंत घरात हा विनोद चालला, पण त्या गाडीची गोष्ट निघाली की ते स्वतः फारसे हसत नसत.

भावजी निवृत्त झाले त्याच वर्षी रस्ता रुंद करायला आमचं बैठं घर गेलं. घराचं मला एवढं काही वाटलं नाही. पण घरामागे ताईची जागा होती, दहा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद. तिथे ती टोमॅटो, काकडी, घेवडा, पालक, काय म्हणाल ते काढायची. बी मातीत टाकून ती नुसती बोटाने दाबायची आणि म्हणायची, "ये आता लवकर." आणि ते यायचं! त्या जागेवर आता डांबर आहे.

आम्ही चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आलो आणि ताईचं बोलणं आटलं. भांडण नाही, रडणं नाही. स्वयंपाक करायची, दोन घास खायची आणि खिडकीत उभी राहून खाली लावलेल्या स्कूटरींकडे बघत राहायची. अंगठा तर्जनीवर चोळत असायची, मातीचं ढेकूळ फोडावं तशी. सहा महिन्यांत तिच्या ब्लाउजांना मी दोनदा आतून टिपा घातल्या, इतकी ती उतरली. डॉक्टर झाले, टॉनिक झालं. मला तिच्या जिवाची भीती वाटायला लागली होती, खरं सांगते.

भावजींचा तर जीव थाऱ्यावर नव्हता. दिवसातून दहादा गच्चीवर जायचे आणि पावलांनी गच्ची मोजायचे. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींना जाऊन भिडले. "बायकोला चार भाज्या लावायच्या आहेत." सेक्रेटरी म्हणजे वहीत जन्मलेला माणूस. "गच्ची म्हणजे काय शेत आहे?" म्हणाले. तरी त्यांनी इंजिनिअरला बोलावलं. इंजिनिअरने स्लॅब ठोकून बघितला आणि सांगितलं, इमारत जुनी आहे, मातीचं नाव काढू नका. ऊन येतं त्या कोपऱ्यात फार तर पाचशे किलो, त्यावर एक किलो नको.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. भावजी थेट गिरणीत गेले. गिरणीमागे भाताच्या तुसाचा डोंगर असतो, कुणाला नको असलेला. त्याच्या पलीकडे दोरखंडांचा कारखाना आहे, तिथे नारळाच्या काथ्यातून पडलेला भुसा ढिगाने सडत असतो. "माती नको तर नको," हे म्हणाले, "मुळांना काय, धरायला जागा आणि प्यायला पाणी पाहिजे. खायला आपण वरून घालू." कुठे वाचलं, कुणी सांगितलं, देव जाणे.

मग आमच्या घराचा उकिरडा झाला. तूस थोडं भाजून घ्यावं लागतं म्हणून गिरणीच्या आवारात डब्यात धुमसवत बसायचे आणि घरी यायचे ते कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे. काथ्याचा भुसा पहिल्यांदा तसाच भरला, तर काकडीची रोपं चार दिवसांत कडेने करपली. काथ्या खाऱ्या पाण्यात भिजवलेला होता, मीठ भुशात उतरलेलं. मग तो पिंपात तीन-तीनदा धुवायचा, पाणी जिभेवर खारट लागेनासं होईपर्यंत. हो, जिभेवर! या माणसाचा विश्वास फक्त तोंडावर. दोन भाग भुसा, एक भाग तूस, असं ठरलं. गिरणीच्या फाटक्या पोत्यांच्या मी साठ पिशव्या शिवल्या, दुहेरी टीप घालून. दोन सुया मोडल्या आणि तोंडाने जे बोलले ते इथे लिहीत नाही.

गिरणीतल्या दोन हमालांनी पिशव्या वर नेऊन भरल्या आणि भिजवल्या. भावजींनी हुकाचा काटा गच्चीवर टांगून एक पिशवी तोलली आणि सेक्रेटरींना कागद लिहून दिला. साठ पिशव्या, प्रत्येकी सहा किलो, एकूण तीनशे साठ. सेक्रेटरींनी दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही. "वजारावांचा आकडा आहे," म्हणाले आणि सही केली. एकच अट घातली. टाकीच्या नळाला हात लावायचा नाही, पाणी घरातून न्यायचं.

पाणी ताई न्यायला लागली. सकाळी चार बादल्या, संध्याकाळी चार. दुसऱ्या मजल्यावरून गच्चीपर्यंत. पहिल्या दिवशी ती दर जिन्यावर टेकली. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "पाण्याला दुसऱ्याचा हात नको." किती दिवसांनी तिने मला झिडकारलं होतं! मला इतकं बरं वाटलं की मी मशीनवर बसून रडले. तिसऱ्या आठवड्यात ती जिन्यात शेजारणींशी बोलायला लागली. पाचव्या आठवड्यात तिने जेवताना भाजी मागून घेतली. चौथ्या मजल्यावर नेमकी त्या कोपऱ्याखालची खोली आहे. तिथे एक नवी आई राहते, तिचं बाळ तेव्हा दोन महिन्यांचं. ताई वर जाताना त्या बाळाला बघून जायची. "पहिले टोमॅटो तुझ्या आईला," असं त्याला वचन देऊन आली. मी त्या बाळासाठी उरल्या कापडाचं दुपटं शिवून दिलं.

एका सकाळी ताई बाजारात गेली होती. घेवड्याच्या एका पिशवीची टीप उसवली म्हणून मी सुई-दोरा घेऊन वर गेले. पिशवी जरा भिंतीकडे ओढावी म्हणून हात घातला तर कंबरेत उसणच भरली.

"अगं आई गं! काय भरलंय यात, धोंडे?"

"सहा किलो," भावजी लांबूनच म्हणाले. ते काकडीच्या वेलाला सुतळी बांधत होते.

"सहा किलोची आजी आहे ही! या, उचलून बघा."

त्यांनी पिशवी हुकाला लावली. काटा बावीसवर जाऊन थांबला. भावजींनी शांतपणे मान हलवली. "बरोबर. ओल सोळा. वजा. राहिले सहा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. "भावजी, ती वजा केलेली ओल गेली कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"म्हणजे ती काय खाली रस्त्यावर उभी आहे? ती इथेच आहे ना, या स्लॅबवर?"

असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. हुकाला पिशवी हेलकावे खात होती आणि हे तिच्याकडे बघत होते. ओठ हलत होते. साठ गुणिले बावीस. तेराशे वीस! जित्याची खोड म्हणतात ती ही. गिरणीत भात विकला जायचा म्हणून पाणी वजा व्हायचं. इथे विकायचं काहीच नव्हतं, फक्त छताने पेलायचं होतं, आणि छताला दाणा चावता येत नाही.

ते तडक चौथ्या मजल्यावर गेले. पंखा नीट चालतो का बघतो, असं काहीतरी सांगितलं. मी मागोमाग होतेच. छताच्या त्या कोपऱ्यात केसासारखी एक रेघ होती. "ही कधीची?" यांनी विचारलं. बाळाची आई म्हणाली, "आधीपासूनच असेल काका. माझं कधी लक्षच गेलं नाही." रेघेच्या बरोबर खाली नाही, पण दोन हातांवर पाळणा होता. भावजींनी तो उचलून दुसऱ्या भिंतीला नेऊन ठेवला. ती बिचारी बघतच राहिली. "तिकडे वारा चांगला लागतो," हे म्हणाले. तिकडे खिडकीच नव्हती.

जिन्यात मी त्यांना गाठलं. आणि आता माझी कबुली ऐका. मीच म्हणाले, "झाकली मूठ ठेवा. कुणी विचारत नाहीये. तीन महिने झाले, काही पडलं का? हे सगळं काढायला लावलं तर ताई पुन्हा त्या खिडकीत जाऊन उभी राहील, आणि या वेळी परत येणार नाही." त्या बाळाचं दुपटं माझ्याच हातचं, आणि बोलणंही माझ्याच तोंडचं. लाज वाटते, पण बोलले ते बोलले.

भावजींनी मधला मार्ग काढला, आणि मधले मार्ग नेहमी खड्ड्यातच जातात. ताईला म्हणाले, "पाणी निम्मं कर. मुळं कुजतायत." ताईने ऐकलं. आठाच्या चार बादल्या झाल्या. हे सकाळ-संध्याकाळ पिशव्या तोलायचे. एकवीस, वीस, साडेएकोणीस. दिवसातून पंधरा वेळा वर, पंधरा वेळा चौथ्या मजल्यावर. जेवताना छताकडे बघायचे, आमच्याच घराच्या, जिथे वर फक्त तिसरा मजला होता. मशीनचा आवाज झाला तरी दचकायचे. माझाही जीव टांगणीला लागला होता. जिन्यात दार आपटलं की मी शिवण टाकून दाराशी जायचे.

चौथ्या दिवशी काकडीने माना टाकल्या. टोमॅटो लालीला आले होते, ते देठाशी सुरकुतले. ताई दुपारी खाली आली, रिकामी बादली ठेवली आणि माझ्या मशीनशेजारी बसली. हळूच म्हणाली, "माझ्या हाताला आता काही येत नाही गं. मातीबरोबर गेलं ते."

भावजी दारात उभे होते. हातात कप होता. तो त्यांनी माझ्या मशीनवर ठेवला, माझ्या कापडावर, आणि खाली जमिनीवर बसले. बसले! आणि सगळं सांगून टाकलं. सहा, बावीस, सोळा, पाचशे, तेराशे वीस, रेघ, पाळणा, निम्मं पाणी. एकदाही उठले नाहीत.

मी ताईकडे बघेना. मला वाटलं आता ती उठेल आणि खिडकीकडे जाईल.

ताई म्हणाली, "मला का नाही विचारलंत?"

"काय विचारायचं?"

"पाण्याला वजन असतं का ते. रोज आठ बादल्या कोण चढवतं?" तिचा आवाज चढला. "तीन महिने माझा खांदा दुखतोय, आणि तुम्ही कागदावर पाणीच नाही लिहिलंत? वर ते लेकरू झोपतं! आणि मला सांगितलं मुळं कुजतायत? मी चार दिवस स्वतःला शिव्या घालतेय!" मग माझ्याकडे वळली. "आणि तू? तुला माहीत होतं?"

मी सुईत दोरा ओवायला लागले. दोरा आधीच ओवलेला होता.

"उठा," ती भावजींना म्हणाली. "सेक्रेटरींना बोलवा. आत्ता."

सेक्रेटरी आले ते वही घेऊनच, आणि त्यांचं जे काही बोलणं होतं ते सगळ्या इमारतीने ऐकलं. पण शेवटी त्यांनी विचारलं, "किती राहू शकतात?" भावजी म्हणाले, "बावीस. ओल धरून चारशे चौऱ्याऐंशी." बाकीच्या अडतीस आजच्या आज खाली, असं ठरलं. बाळाची आई बाळाला घेऊन माहेरी गेली, इंजिनिअर बघून जाईपर्यंत. जाताना तिने बाळाला माझ्या दुपट्यात गुंडाळलं नव्हतं, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

कोणत्या बावीस ठेवायच्या हे ताईने ठरवलं. पिशव्यांमधून फिरली आणि बोट दाखवत गेली, ही, ही, ही नको. आधी तिने सगळ्यांना पोटभर पाणी घातलं, जाणाऱ्यांनासुद्धा. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, कशाला आणखी जड करता?" ती म्हणाली, "तहानलेलं कुणाला घराबाहेर काढत नाहीत."

गिरणीतले ते दोन हमाल आले. भावजींनी हट्ट धरला की प्रत्येक पिशवी तोलूनच खाली जाईल. काय गरज होती? पण ते काट्याशी उभे राहिले. पिशवी हुकाला लागायची, हे मोठ्याने आकडा म्हणायचे, सेक्रेटरी वहीत लिहायचे. "बावीस!" "एकवीस!" "तेवीस!" पहिल्या दोन-तीन वेळा आकड्यानंतर त्यांची जीभ अडखळली, 'वजा' तोंडात आलेला असणार. गिळला त्यांनी तो.

ताई उलट्या बादलीवर बसून बघत होती. दहाबारा पिशव्या झाल्यावर तिने विचारलं, "आणि बाबांची गाडी?"

भावजी थांबले. हमाल पिशवी हातात धरून उभे राहिले.

"त्या दिवशी काट्यावर किती आलं होतं? वजा न करता?"

मला वाटलं हे हसण्यावारी नेतील. पस्तीस वर्षं झाली त्याला. त्यानंतर हजारो गाड्या त्या काट्यावरून गेल्या असतील.

"एकवीस क्विंटल सत्तर," भावजी म्हणाले. क्षणभरही विचार केला नाही.

"आणि लिहिलं किती?"

"एकोणीस क्विंटल वीस." हुकाकडे बघत ते पुढे म्हणाले, "एवढी ओल नव्हती त्यात. मी नवा होतो. साहेब मागे उभे होते."

सेक्रेटरींनी पेन कागदावरून उचललं होतं. ताई अंगठा तर्जनीवर चोळत होती, मग थांबली.

"बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, एकवीसच्या वर होतं," ती म्हणाली. "आम्ही हसायचो त्यांना."

"मला माहीत आहे. मीही हसायचो."

"मग सांगितलं का नाही कधी? पस्तीस वर्षं डोक्यात धरून बसलात?"

"बसलो कुठे," भावजी म्हणाले.

ताईने पदराने तोंड पुसलं. मग बादलीवरून उठली आणि ती बादली उचलून त्यांच्यासमोर पालथी ठेवली.

"बसा आता," ती म्हणाली. "आकडे मी सांगते."

आणि ते बसले. शेवटची पिशवी खाली जाईपर्यंत उठले नाहीत. त्या खाली सायकलींच्या आडोशाला ठेवल्या, पण तिथे सकाळचंच ऊन येतं. अडतीसपैकी अठरा पिशव्या तिथे जगल्या, वीस गेल्या. इंजिनिअर येऊन गेला, पण ती रेघ जुनी की नवी, हे त्यालाही सांगता आलं नाही. बाळाची आई महिन्याने परत आली. ताई पहिले चार टोमॅटो घेऊन तिच्या दाराशी गेली, तेव्हा भावजी बरोबर होते. तिने ते घेतले, पण पाळणा अजून त्या बिनखिडकीच्या भिंतीलाच आहे.